हौसेला घाट हवा

पिंपरी-चिंचवडमध्ये गुरुवारचा मान वेगळा आहे. विजेचा भार वाटून घेण्यासाठी औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळ्या वारी सुट्टी द्यायची पद्धत पडली, तेव्हा या भागाच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो चिकटला तो चिकटलाच. काळेवाडीतल्या कितीतरी घरांना त्यामुळे आठवड्यात दोन अर्धवट सुट्ट्या मिळतात. बाबांची गुरुवारी, पोरांची रविवारी. दोन्ही एकत्र यायला दिवाळी किंवा मे महिना लागतो, नाहीतर कोणीतरी शिफ्ट बदलून घ्यावी लागते.

या अर्ध्यामुर्ध्या सुट्ट्यांत अलीकडे एक नवी हौस शिरली आहे. विजयनगर, तापकीरनगर, नढेनगर अशा वस्त्यांच्या गल्ल्यांत सुट्टीच्या दिवशी पहाटे गाडी उभी राहते. डिकीत स्टेपनीशेजारी एक जाड पिशवी जाते. आत घडी घातलेली, हवा भरायची कयाक, दोन तुकड्यांत सुटणारी वल्ही आणि पंप. कंपनीतल्या चार जणांनी वर्गणी काढून घेतलेली असते, त्यामुळे ती आज याच्या घरी तर पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी. मागच्या सीटवर पोरं, पोह्यांचा डबा आणि वहिनींनी ‘असू दे’ म्हणून घेतलेले कपड्यांचे जास्तीचे जोड. गाडी देहूरोड, तळेगाव करत कामशेतला डावीकडे वळते आणि पवनानगरला, धरणाच्या काठी जाऊन थांबते.

पवना नदी या मंडळींच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पिंपरीच्या पुलावरून ती रोज दोनदा ओलांडली जाते. तरी तिच्याच पाण्यावर घटकाभर तरंगायचं तर चाळीसेक किलोमीटर उलट, उगमाकडे जावं लागतं.

आपल्याकडे माणूस नदीत उतरतो तो दोन कारणांनी, पोटासाठी किंवा पुण्यासाठी. भोई जाळं टाकायला उतरतो, शेतकरी मोटार बसवायला, भाविक स्नानाला आणि आपण सगळे विसर्जनाला. या दोन्ही कारणांना समाजाने जागा दिली, वेळ दिली, रीतही घालून दिली. हौस हे तिसरं कारण आहे. ते नवं आहे आणि त्याला अजून यातलं काहीच मिळालेलं नाही.

रावेतच्या वर, रावेतच्या खाली

पवना लोणावळ्याच्या दक्षिणेला सह्याद्रीत उगम पावते. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग या चार किल्ल्यांच्या नजरेखाली तिच्यावर मातीचं धरण बांधलं गेलं. ते 1972च्या सुमाराचं. साठा साधारण साडेआठ टीएमसी. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच शिरगाव, गहुंजे करत रावेतला येतं. रावेतच्या बंधाऱ्यावर महापालिका ते उचलते, निगडीच्या सेक्टर 23 मधल्या केंद्रात शुद्ध करते आणि नळाने घरोघर पोचवते. काळेवाडीतल्या माठातलं पाणी म्हणजे तुंगच्या पायथ्याचं पाणी.

पण रावेतला नदीचे दोन भाग होतात. बंधाऱ्याच्या वरचं पाणी प्यायचं असतं, म्हणून त्याची काळजी घेतली जाते. खाली जे उरतं त्यात चिंचवड, थेरगाव, काळेवाडी, पिंपरी, रहाटणी, पिंपळे गुरव, सांगवी असं एकेक गाव आपापल्या नाल्याची भर घालत जातं आणि ती सगळी बेरीज मुळेत जाऊन मिळते. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी पोसते. दिवाळी उलटली की ती काठाने दिसू लागते आणि उन्हाळ्यापर्यंत अख्खं पात्र झाकून टाकते. पाहुणा पुलावरून बघून ‘केवढं हिरवंगार’ म्हणतो. गल्लीतल्या माणसाला संध्याकाळी कानाशी गुणगुणणारे डास आठवतात.

या शहराला हौसेची कल्पनाच सुचली नव्हती असं नाही. थेरगावला केजूदेवीच्या बंधाऱ्याजवळ महापालिकेचा बोट क्लब आहे. बंधाऱ्यामुळे तिथे पाणी तुंबून रुंद होतं, काठाला झाडी आहे, देऊळ आहे, बाग आहे. जागा निवडणाऱ्याची नजर चांगली होती. रिक्षावाल्याला आजही ‘बोट क्लबला चल’ म्हटलं की पुरतं. होड्यांना मात्र जलपर्णीपुढे आणि वासापुढे पुन्हा पुन्हा हार मानावी लागली. अलीकडे तर याच बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे ढीग दिसल्याच्या बातम्या येतात आणि लोक फोटो काढायला जमतात.

पवनेच्या पाण्याचं राजकारण रक्त सांडण्यापर्यंत गेलं आहे. धरणातलं पाणी नदीतून न सोडता बंद जलवाहिनीने थेट निगडीला आणायची योजना निघाली, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. पाणी पात्रातून वाहतं म्हणून काठच्या मोटारी चालतात. ते पाइपात गेलं तर आपल्या हाती काय राहणार, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मरण पावले. कयाकची पिशवी घेऊन त्याच रस्त्याच्या आसपास जाणाऱ्यांना याची आठवण असलेली बरी. आपण जिथे मौजेला जातो ते पाणी कोणाच्या तरी पोटाशी बांधलेलं आहे.

फाटकाआडची होडी

पुणे परिसरात हौसेची होडी काही आजची नाही. मुळा-मुठेवरचा रॉयल कनॉट बोट क्लब 1868 सालचा. साहेबांची कवायत आटोपली की त्यांना संध्याकाळी वल्हवायला नदी हवी होती. 1928 मध्ये इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा बोट क्लब सुरू झाला. तिथली पोरं दरवर्षी ‘रेगाटा’ करतात. कयाकांचं नृत्य, बाणाच्या आकारात जाणाऱ्या होड्या, अंधार पडल्यावर पाण्यावर मशाली. पुण्यात नदीकडे पाठ न फिरवता बसण्याचा असा एक दिवस काठच्या लोकांना ठाऊक आहे.

काळेवाडीपासून आणखी जवळ, दापोडीला, लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सगळे त्याला सीएमई म्हणतात. त्याच्या आवारात रोइंगच्या शर्यतीला लागते तशी 2000 मीटरची सरळ पाण्याची वाट आणि लष्कराचं रोइंग केंद्र आहे. मुंबई-पुणे रस्त्यावरून भिंतीपलीकडे काही दिसत नाही, पण चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ इथेच घडला. गाव दुष्काळी. बापाबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जाणारा हा मुलगा 2012 मध्ये लष्करात भरती झाला. नौका त्याने त्याआधी पाहिलीही नव्हती आणि पाण्याची भीती होती ती वेगळीच. चार वर्षांनी, 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकट्याच्या नौकेत तेरावा आला. 2018 मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवलं.

शिडाच्या होडीची गोष्टही तीच. खडकवासल्याच्या पाण्यावर, पीकॉक बेमध्ये, एनडीएचे कॅडेट शीड सांभाळायला शिकतात. शिडाच्या बोटीने जगाला वळसा घालणारे पहिले भारतीय होते ते लष्कराच्या अभियंता दलातले अधिकारी. ‘तृष्णा’ नावाच्या बोटीतून त्यांनी 1985 ते 1987 या काळात ही सफर केली.

या सगळ्या होड्या फाटकाच्या आत आहेत. क्लबचं सभासदत्व, कॉलेजचं ओळखपत्र किंवा अंगावर वर्दी असली तरच पाणी. दत्तूसारख्याला वल्हं मिळालं ते नोकरीच्या निमित्ताने, म्हणजे पुन्हा पोटाच्याच वाटेने. काळेवाडीतल्या फिटरने, बायको-पोरांना घेऊन, कोणालाही सलाम न ठोकता आणि कोणाचीही फी न भरता पाण्यावर जाणं ही त्यामुळे वाटते त्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. घडी घालता येणाऱ्या नावेने ते फाटक उघडलं.

पाण्याखालचं गाव

पवनेच्या काठावरची सकाळ जवळून बघण्यासारखी असते. एका आंब्याखाली गाडी लावून काळेवाडीतलं एक टोळकं कयाक फुगवत होतं. चाकणला लाइनवर काम करणारा एक जण, त्याचा मेहुणा, दोघांच्या बायका आणि शाळा बुडवून आणलेली तीन पोरं. आधी तळाचा कप्पा भरायचा, मग दोन्ही बाजूंचे. हे काम पोरांनी वाटून घेतलं होतं आणि कोणी किती पंप मारले यावरून भांडणही झालं होतं. तळ नीट ताठ झाला नाही तर कयाक मध्ये दबते, वल्ह्याचा जोर वाया जातो आणि बसणाऱ्याची पँट ओली होते. मेहुण्याने अंगठ्याने दाबून पाहिलं, ‘अजून’ म्हणाला. कारखान्यात टायरची हवा बघणाऱ्याचा तो हात होता.

शेळ्या घेऊन आलेले एक मामा काठीवर हनुवटी टेकवून हे सगळं बघत उभे होते. शेवटी राहवलं नाही. ‘‘जाताय तं जा, पन उनं तापायच्या आत काठाला या. मंग वारं सुटतंय. त्या बाजूला न्हेऊन टाकील.’’ मेहुण्याने ‘हो मामा’ म्हटलं आणि घड्याळ पाहिलं. पाण्यावरचं पहिलं प्रशिक्षण तिथे फुकट मिळालं.

कयाक चालवायला सोपी आणि नीट चालवायला कठीण. नवखा माणूस दंडाने ओढतो आणि पंधरा मिनिटांत दमतो. जाणता कमरेतून वळतो, पातं पायाच्या बोटांपाशी पाण्यात घालतो आणि कुल्ल्यापाशी बाहेर काढतो. जोडीच्या कयाकमध्ये मागच्याने पुढच्याशी ताल जुळवायचा असतो, नाहीतर वल्ह्यावर वल्हं आपटतं. लग्नाला बारा वर्षं झालेल्या जोडप्यांचाही इथे कस लागतो. त्या दिवशी पुढे वहिनी बसल्या होत्या. मागून ‘डावं, डावं’ असा पुकारा झाला की त्या शांतपणे उजवं मारत होत्या. काठावरून पोरं आईच्या बाजूने ओरडत होती.

पावसाळा संपताना धरण तुडुंब असतं आणि होडी झाडाच्या सावलीतून सुटते. पुढे सिंचनाला, शहराला पाणी सुटत जातं, काठ मागे सरतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पाण्यापर्यंत पोचायला भेगाळलेला गाळ तुडवावा लागतो. याच सुमारास वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ पाण्याबाहेर येतं. वर्षातले बरेच महिने बुडालेलं हे देऊळ उघडं पडलं की आसपासच्या गावांतले लोक दर्शनाला जातात. हिवाळ्यात कयाकवाले कदाचित त्याच्यावरूनच जातात, देवळावरून आणि एकेकाळच्या शेतांवरून, चावडीवरून.

धरणात जमिनी गेलेल्यांपैकी अनेकांचं पुनर्वसन पन्नास वर्षांनंतरही पुरं झालेलं नाही. त्यांची पुढची पिढी आता उरल्यासुरल्या काठावर तंबू भाड्याने देते, रात्रीच्या जेवणाची थाळी करते, पार्किंगचे पैसे घेते. शनिवारी रात्री मुंबई-पुण्याची पोरं येतात, स्पीकर लागतो, शेकोट्या पेटतात. सकाळी बाटल्या गोळा करायला गावातलीच बाई वाकलेली असते. हौशी माणसाने इथे कोणाच्या दारातून पाण्यात उतरायचं, हा प्रश्न शिष्टाचाराचा तर आहेच, शिवाय हिशेबाचाही आहे. काठचं गाव आणि काठावर येणारा पाहुणा यांच्यात पार्किंगच्या पावतीपलीकडचं नातं तयार झालं नाही, तर ही हौस त्या गावाला आणखी एक उपद्रव वाटेल आणि त्यात गावाचं चुकणार नाही.

वारा

वल्ह्याचं पाणी आणि शिडाचं पाणी वेगळं असतं. कयाकवाला वारा पडावा म्हणतो, शीडवाला सुटावा म्हणतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या धरणांवर दोघांचीही सोय आहे. सकाळ वल्ह्याची, दुपार शिडाची. ऊन चढलं की डोंगर तापतात आणि दऱ्यांतून वारा खेळू लागतो. मामांनी सांगितलं ते हेच.

शिडाची होडी वाऱ्याबरोबर जाते हे कोणालाही पटतं. ती वाऱ्याच्या विरुद्धही जाते, हे पोरांना सांगितलं की ती हसतात. थेट तोंडावर नाही जात. वारा येतो त्या दिशेपासून साधारण 45 अंश कलून ती एका बाजूला जाते, मग वळून दुसऱ्या बाजूला. घाटातल्या एसटीने नागमोडी वळणं घेत चढण चढावी तशी. फुगलेल्या शिडावरून वारा वाहताना दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि होडीला ओढ बसते. ही ओढ आडवी ढकलू पाहते, पण तळाखालची उभी फळी तो आडवेपणा अडवते आणि उरतो तो पुढे जाण्याचा जोर. शीड फडफडू लागलं की समजावं, नाळ वाऱ्याच्या फार तोंडावर आली. सुकाणू थोडं वळवायचं, दोरी थोडी ओढायची. वारा अंगावर आला की तो येतो त्याच बाजूच्या काठावर बसून मागे झुकायचं. हे पुस्तकात वाचून येत नाही, गालाला लागणाऱ्या वाऱ्याने येतं.

म्हणून जगभर हे शिक्षण लहानपणी सुरू होतं. ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची छोटी होडी 1947 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स यांनी आखली. प्लायवूडच्या साध्या फळ्यांतून, घरच्या गॅरेजमध्येही बांधता यावी अशी. लांबी जेमतेम 2.3 मीटर. सांगाडा 35 किलोचा, एकच शीड, बसणारा एकच, तोही पंधरा वर्षांपर्यंतचा. आठ वर्षांच्या पोराला या होडीत एकटं बसवून पाण्यात ढकलतात. ते उलटतं, नाकातोंडात पाणी जातं, फळीवर उभं राहून होडी सुलटी करतं आणि पुन्हा निघतं. मोठमोठे ऑलिंपिकवीर या खोक्यातून निघाले आहेत. काळेवाडीतल्या प्लायवूडच्या कारागिराला नकाशा दिला तर तो ती बांधू शकेल. अडचण लाकडाची नाहीच, ती पाण्यात कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली सोडायची याची आहे.

कारण वाऱ्याला थट्टा कळत नाही. 21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे जाणारी प्रवासी होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. ते मौजेला गेलेले नव्हते, रोजच्या जलवाहतुकीतले प्रवासी होते. वळवाचा ढग उजनीवर येतो तसा पवनेवरही येतो. मावळातल्या पाण्यात माणूस बुडाला की शोधायला लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आणि वन्यजीव रक्षक मावळ या संस्थांची पोरं उतरतात, बहुतेक वेळा रात्री, आपलं कामधाम सोडून. त्यांना बोलवावं लागू नये हा पाण्यावर जाणाऱ्याचा पहिला धर्म.

त्याचे नियम साधे आहेत. जॅकेट अंगात घातलेलं असावं, बसायला खाली घेतलेलं नव्हे, आणि त्याचे पट्टे आवळलेले असावेत. दुकानात 50 न्यूटनचं मिळतं ते पोहता येणाऱ्याला मदत करण्यापुरतं. शुद्ध हरपलेल्याचं तोंड पाण्यावर ठेवण्यासाठी बनवलेली जॅकेटं त्याहून जाड, 100 ते 150 न्यूटनची असतात. काठालगत आधी मुद्दाम उलटून पाहावं. कंबरेएवढ्या पाण्यात कयाकवर पुन्हा चढता येत नसेल तर मध्यावर अजिबात येणार नाही. हवेची कयाक वाऱ्याने पानासारखी वाहते, म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावं, येताना तो मदतीला असतो. पाण्यात पडलात तर होडी सोडू नये. आणि दारूचा थेंबही नको. पवनेच्या काठी हा शेवटचा नियम सांगणारा माणूस सगळ्यांत नावडता होतो.

माणसं किती लांब जातात

हौस वाढते तशी गोडं पाणी अपुरं वाटू लागतं. कोकणात तारकर्ली-देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी कयाक मिळते, भरतीच्या वेळी खाडीत शिरायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग आणि कयाकिंग चालतं ते रोज सकाळी सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर. ते पाणी कुंडलिकेचं नव्हेच, मुळशी धरणाचं. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून वीज करून ते कोकणात उतरतं. ज्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये मावळे सत्याग्रहाला बसले आणि सेनापती बापट ज्यासाठी तुरुंगात गेले, त्याच्या पाण्यावर आज कंपन्यांच्या सहली उड्या घेतात.

मुंबईच्या कौस्तुभ खाडेने तर 2015 मध्ये कयाकने एकट्याने मुंबई ते गोवा गाठलं आणि पुढे गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा पश्चिम किनारा, तीन हजारांहून अधिक किलोमीटर, वल्हवत पार केला. त्या सफरीत त्याची जोडीदार शांजली शाही किनाऱ्याने सायकलवर होती. दोघांची वाहनं वेगळी, मुक्काम एक. जोडीने करायच्या प्रवासाची ही तऱ्हा झकासच म्हणायची. या किनाऱ्याने कयाक याआधीही पाहिली होती. ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन इलेक्ट्रिशियन बेकारीला कंटाळून 1932 मध्ये घडीची कयाक घेऊन उल्म गावाहून निघाला आणि डॅन्यूब, सायप्रस, सिंधूचं मुख, मुंबई, सिलोन करत 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. त्याचं स्वागत झालं आणि लगेच अटकही.

शिडावर मराठी माणसाचं नाव मोठं केलं ते कमांडर दिलीप दोंदे यांनी. ‘म्हादेई’ या 17 मीटरच्या बोटीतून ऑगस्ट 2009 मध्ये ते मुंबईहून एकटे निघाले आणि चार थांबे घेत मे 2010 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. एकट्याने असं करणारे ते पहिले भारतीय. बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. या सागर परिक्रमेमागचा ध्यास होता व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. आयुष्य नौदलात काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहिला, जिथे पाऊस हाताच्या बोटांवर मोजावा. पुढे 2017-18 मध्ये ‘तारिणी’तून सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी जग पालथं घातलं, ती बोटही गोव्यातल्या त्याच कारखान्याची.

तळेगाव रोहीचा दत्तू, विंचुर्णीचे आवटी. पाण्याचं वेड असायला पाण्याकाठी राहावं लागत नाही, हे महाराष्ट्राने सिद्ध केलं आहे. उलट पाण्याकाठी राहणाऱ्या आम्हा शहरी लोकांना मात्र पाण्यात उतरायची वाट सापडत नाही.

उतरायचं कुठून?

एवढ्या मोठ्या नावांपुढे वर्गणीच्या कयाकची काय कथा, असं कोणी म्हणेल. पण जगात कुठेही नौकानयन टिकलं ते विक्रमवीरांमुळे नव्हे, सुट्टीच्या सकाळी पोरांना घेऊन येणाऱ्या आयाबापांमुळे. वर चढायला शिडी लागते आणि तिची खालची पायरी गल्लीत असावी लागते.

पुण्यकर्मासाठी ही पायरी आपण बांधली. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीजवळ पवनेला दगडी घाट आहे. गणेशोत्सवात विसर्जनाच्या घाटांवर दिवे लागतात, दोर बांधले जातात, जीवरक्षक आणि होड्या तैनात होतात. म्हणजे नदीवर गर्दी सुरक्षितपणे सांभाळायची कला या शहराला अवगत आहे. ती वर्षातले काही दिवस वापरली जाते आणि उरलेलं वर्ष फक्त ‘पोहण्यास सक्त मनाई’चा फलक काम करतो. पावसाळ्यात मावळातल्या पाण्याच्या जागांवर बंदीचे आदेश निघतात, ते योग्यच. पण बंदी हा पावसाळ्याचा उपाय झाला. बाकीच्या आठ महिन्यांसाठी बंदीऐवजी व्यवस्था लागते.

ती फार खर्चाची नाही. रावेतच्या वर, जिथे नदी अजून पिण्याजोगी मानली जाते, तिथे किंवा धरणाच्या काठी एखाद्या गावाच्या ताब्यात एक साधा उतार हवा. गाळात पाय रुतणार नाही असा, होडी खांद्यावरून न्यायला पुरेसा रुंद. इंजिनाच्या होडीला तिथे प्रवेश नको, कारण खालचं शहर ते पाणी पितं. दोन शिकलेली माणसं हवीत, ती काठच्या गावातलीच असावीत. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षकाचं रीतसर प्रशिक्षण मिळतं, तिथून शिकून आलेल्या मुलांना पगार मिळाला तर धरणाने घेतलेल्या जमिनीची फेड नाही होणार, पण धरणाच्या पाण्यावर त्यांचा हक्काचा रोजगार उभा राहील. भाड्याने चांगली जॅकेटं, आणि वाऱ्याचा, पाण्याच्या पातळीचा रोजचा फलक. परवानगी जलसंपदा खात्याने द्यायची, माणसं ग्रामपंचायतीने नेमायची, खर्चाचा वाटा पाणी पिणाऱ्या शहराने उचलायचा. पोट, पुण्य आणि हौस एकाच काठावर बसवायचे तर त्यांच्या वेळा आणि जागा ठरवून द्याव्या लागतात. आपल्या गावगाड्याला असं वाटप करण्याची सवय होतीच.

खालच्या नदीचं काय? काळेवाडीच्या पुलाखाली कयाक टाकायला अजून बरीच वर्षं जावी लागतील. नाले अडवल्याशिवाय आणि सांडपाणी पुरतं शुद्ध झाल्याशिवाय तिथे कोणी पोराला उतरवू नये. पण वरच्या पाण्यावर जो एकदा वल्हवून आला, त्याला खालच्या पाण्याची लाज वाटू लागते, ही या हौसेची खरी कमाई आहे. पुलावरून जाताना तो काच वर करत नाही, फेस कुठल्या नाल्यातून येतो ते विचारतो. विसर्जनाच्या दिवसापुरता नदीवर हक्क सांगणाऱ्यांपेक्षा असे वर्षभर नजर ठेवणारे दोनचारशे लोक शहराला जास्त उपयोगी पडतील.

काळेवाडी-रहाटणीत प्रभागाच्या निवडणुकीला उमेदवार दारात येतो, तेव्हा तेच तीन प्रश्न विचारले जातात. रस्ता, पाणी, ड्रेनेज. खरं तर ड्रेनेजचा प्रश्न म्हणजे नदीचाच प्रश्न, फक्त तो घराच्या बाजूने विचारलेला असतो. आता तो नदीच्या बाजूनेही विचारायला हरकत नाही. हातात पत्रक देणाऱ्याला चहा द्यावा, बसवून घ्यावं आणि सरळ विचारावं, ‘‘दादा, आमच्या पोरांनी नदीत उतरायचं कुठून?’’